युद्धदेवाचा पवित्रा

कारभारी वस्तादांच्या बैठकीच्या खोलीत एक देव उघडानागडा उभा होता आणि त्याच्या कमरेवर दूध डेअरीचं कॅलेंडर लटकत होतं. कॅलेंडर लावलं होतं रतनबाईंनी, म्हणजे वस्तादांच्या बायकोनं. लेकीनं नगरच्या चित्रकलेच्या कॉलेजातून येताना ही भलीमोठी तसबीर आणली, खिळा ठोकला आणि ‘हा रोमन लोकांचा युद्धदेव, पाचशे वर्षांमागं इटलीत काढलेला’ असं सांगून ती मोकळी झाली. रतनबाईंनी देवाला वरून खालपर्यंत एकदा पाहिलं, मधे थांबल्या आणि दुसरा खिळा ठोकला. "असंल देव. पन घरात पाव्हने येत्यात," एवढंच त्या म्हणाल्या. लेकीनं कॅलेंडर काढावं आणि आईनं दुसऱ्या दिवशी परत लावावं, असं बरेच दिवस चाललं. शेवटी तह झाला. कॅलेंडर राहील, पण देवाचे पाय दिसले पाहिजेत.

लेकीचं नाव ज्ञानेश्वरी. ती गावातल्याच शाळेत चित्रकला शिकवायची. बेलापुरात तिच्या हाताचा रंग न लागलेली भिंत शोधावी लागली असती. अंगणवाडीचे ससे तिचे, पाण्याच्या टाकीवरची घागर तिची, देवीच्या देवळातला वाघ तिचा. एकच भिंत तिच्या वाट्याला कधी आली नव्हती आणि नेमकी तीच तिला हवी होती. ती म्हणजे वडिलांच्या तालमीतली मारुतीची भिंत.

तालमीत बाईमाणसानं पाय टाकायचा नाही. मारुती ब्रह्मचारी, माती त्याची, विषय संपला. लहानपणी ज्ञानेश्वरी वडिलांसाठी दुधाचा तांब्या घेऊन रोज तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिथंच थांबायची. ताक, हळद, तेल, लिंबू मुरलेल्या त्या लाल मातीचा वास तिच्या नाकात कायमचा बसला होता, पण माती पायाला कधी लागली नव्हती. पाठ कशी वळते, पोटरी कधी फुगते, खांदा कुठं उतरतो, हे सगळं ती उंबऱ्याबाहेरून शिकली. कॉलेजात सरांनी तिची रेखाटनं बघून विचारलं, एवढं अंग कुठं शिकलीस? ती म्हणाली, दारात उभी राहून. सरांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. गंमत कसली! त्या दाराचा तिला अजूनही राग यायचा.

त्या दाराआड वस्तादांचा एक नेम होता. नवा गडी आला की नाव-गाव नंतर, आधी वस्ताद स्वतः त्याला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, पाडणार. पाठ टेकली की मूठभर माती त्याच्या डोक्यावर टाकणार आणि म्हणणार, "पाठीला माती लागली. आता तालीम तुजी." मग तो कुणाचाही असो, कुठलाही असो, आळशी निघो की भांडखोर, त्याला बाहेर काढायचा अधिकार खुद्द वस्तादांनाही नाही. घोडेगावचा सुनील असाच कुणाबरोबर तरी गंमत म्हणून आला, पडला आणि आता वस्तादांचा सगळ्यात तयारीचा पैलवान होता. हॉटेलवाले श्रीमंतशेठ तरुणपणी एकदा पडले, दुसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून फिरकलेच नाहीत, पण आजतागायत तालमीचे खजिनदार म्हणून मिरवत होते.

यंदा भिंतीला ओल धरली आणि जुन्या मारुतीच्या खपल्या निघाल्या. अर्धी गदा गेली, तोंडाचा रंग गेला. हनुमान जयंती तोंडावर आलेली. श्रीमंतशेठ कुणालाही न विचारता श्रीरामपुराहून एक फ्लेक्स छापून घेऊन आले आणि पोरांकडून तो हौद्यासमोर धरवला. वस्तादांनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलं.

"ह्याला मान कुठंय?"

"वस्ताद, बॉडी बघा की! आजकालच्या पोरांना असंच आवडतं."

"मान न्हाई त्याला कुनीबी खाली घालतोय. आन् पोटावर ह्ये पाव चिकटवल्यात का? पावडर खानारा मारुती हाय ह्यो. ह्यानं द्रोणागिरी उचलला न्हाई, उचलल्याचा फोटू काढून घेतलाय."

पैलवान खदखदून हसले. श्रीमंतशेठचं तोंड पडलं. "मग घ्या की तुमच्या लेकीकडून काढून," ते फणकाऱ्यानं म्हणाले. "समद्या गावाच्या भिंती रंगवती ती. फकस्त आत कशी येनार, त्येवढं बघा!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर तेही हसले.

ज्ञानेश्वरी त्या वेळी उंबऱ्याबाहेर उभी होती, वडिलांची घरी राहिलेली बीपीची गोळी घेऊन. ते हसणं तिनं ऐकलं.

"भिंत मी काढणार," ती दारातून म्हणाली.

वस्ताद बाहेर आले, गोळी घेतली, पाणी प्यायले आणि पुन्हा आत गेले.

संध्याकाळी घरी विषय निघालाच. वस्तादांनी आपल्या परीनं तोड काढली होती. "तू घरी कागदावर काढ. आपला बिभीषण पेंटर भिंतीवर उतरवंल. नाव तुजं टाकू."

"माझं चित्र दुसऱ्याच्या हातानं? मग तुमच्या कुस्त्या पण दुसऱ्यानंच खेळायच्या होत्या, आबा. चांदीची गदा तेवढी तुम्ही घ्यायची."

"हिची जीभ लई चालाया लागली," वस्ताद बायकोकडं बघून म्हणाले.

"खाण तशी माती," भाकरी थापता थापता रतनबाई म्हणाल्या.

आता वस्तादांची जुनी खोड अशी, की एका अंगानं कोंडी झाली की दुसऱ्या अंगानं शिरायचं. "बाईमानूस-गडीमानूस ऱ्हाऊ दे बाजूला," ते म्हणाले. "तुला उभं अंग कळतं का, ते सांग आदी. तू ज्येला गुरू मानती, त्यो बघू कसा हाय." ते उठले आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून खाटेवर टाकलं. रतनबाईंनी तोंड चुलीकडं फिरवलं.

इतकी वर्षं तसबीर घरात होती, पण वस्तादांनी तिच्याकडं नीट असं आज पहिल्यांदाच पाहिलं. समोरच्या पैलवानाला जोखावं तसं पायापासून वर पाहिलं. सगळा भार उजव्या पायावर. डावा गुडघा सैल. कंबर एका अंगाला गेलेली, खांदे दुसऱ्या अंगाला कललेले, मान तिसरीकडंच. हातात भाला, पण तोही नुसता जमिनीला टेकवलेला. वस्ताद जवळ गेले, मागं सरले, परत जवळ गेले.

"खांदा झकास हाय. पोटरी लई खरी. मनगटावरची शीर बघ, बोट ठिवलं तर उडंल," ते म्हणाले. ज्ञानेश्वरीचा चेहरा फुलायला लागला, तेवढ्यात त्यांनी मान हलवली. "सुटं सुटं समदं भारी काढलंय. पन गडी उभा न्हाई. म्हनं युद्धाचा देव! एक बोट लावलं तर पडंल ह्यो."

"आबा, ह्या चित्रकारांनी मेलेली माणसं फाडून शीर न् शीर अभ्यासली होती!"

"म्हनूनच. मेल्याला तोल सांभाळावा लागत न्हाई."

"पाचशे वर्षं जग बघतंय ह्याच्याकडं."

"बघनाऱ्यांतल्या कुनी ढकलून बघितलं का?"

ज्ञानेश्वरीचा आवाज चढला. "मी राहते उभी ह्याच्यासारखी! तुमच्या हौद्यात. ढकला मला. नाही पडले तर भिंत माझी!"

रतनबाईंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "खुळ्यावानी बोलू नको," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी कॅलेंडर उचलून स्वतःच्या हातानं परत देवाच्या कमरेला लावलं.

ज्ञानेश्वरीनं तो विषय पुन्हा काढला नाही. पण कपाटाच्या आरशासमोर ती रोज त्या पवित्र्यात उभी राहू लागली. उजवा पाय, सैल गुडघा, कंबर बाहेर. घोटा थरथरायचा. थरथरतो हे तिला कळत होतं आणि तरी ती ते मान्य करायला तयार नव्हती. ज्या देवाला तिनं वर्षानुवर्षं कागदावर उतरवलं, ज्याच्याकडं बघून ती चित्रकार झाली, त्याला असा एका बोटानं पाडू द्यायचा?

"आपटशील, पोरी," रतनबाई दारातून म्हणाल्या.

"आपटेन."

"मग कशाला जाती?"

ज्ञानेश्वरी पाय खाली टाकून खाटेवर बसली. "आई, सगळं लहानपण मी त्या दारात काढलं. मला वाटायचं, आज ना उद्या कुणीतरी म्हणेल, ये आत. कुणी म्हणालं नाही. कुणी म्हणणारही नाही. आता मी वाट बघायची नाही, एवढंच ठरवलंय."

शनिवारी दुपारी रतनबाईंनी कॅलेंडर काढलं, तसबीर भिंतीवरून उतरवली आणि जुन्या लुगड्यात बांधून लेकीच्या हातात दिली. "ने. कुनाचा पवित्रा हाय, त्ये तरी दिसू दे त्यांना."

शनिवार म्हणजे मारुतीचा वार. संध्याकाळी तालीम भरलेली होती, नारळ फुटला होता, श्रीमंतशेठ खोबरं वाटत होते. ज्ञानेश्वरीनं तसबीर दाराच्या चौकटीला टेकवली आणि लुगडं सोडलं. "ह्याचा लंगोट कुठं गेला?" एक पैलवान म्हणाला आणि हशा पिकला. हसणं चालू असतानाच तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली, वाकून उंबऱ्याची धूळ कपाळाला लावली आणि उंबरा ओलांडून ती सरळ हौद्यात उतरली. हसणं थांबलं. माती तिला वाटली होती त्यापेक्षा गार होती आणि मऊही. एवढ्याचसाठी का इतकी वर्षं, असं तिच्या मनात आलं आणि डोळ्यांत पाणी येईल की काय म्हणून तिनं दात आवळले.

"वस्ताद, आवरा हिला!" श्रीमंतशेठ ओरडले. "मारुतीच्या म्होरं बाई?"

"काका, तुमच्या हॉटेलातल्या टीव्हीवर पोरींच्या कुस्त्या लागल्या की शिट्ट्या कोण मारतं?"

"त्या मॅटवर खेळत्यात. ही माती हाय."

"मॅटवर चालतं आणि मातीवर चालत नाही, हे मारुतीनं तुम्हाला फोन करून सांगितलं का?"

वस्ताद भिंतीपाशी उभे होते. त्यांच्या मानेची शीर तटतटली होती. "बाहेर हो," ते हळू म्हणाले. ते हळू बोलले की मोठे मोठे पैलवान गप व्हायचे.

ज्ञानेश्वरी गप झाली नाही. "एका बोटानं पडंल म्हणाला होतात. पाडा की मग." आणि तिनं मांडीवर हात मारून शड्डू ठोकला.

शड्डू नीट वाजला नाही. सवय नव्हती. पण वाजला. आणि समोरून शड्डू आला की पाठ दाखवायची नाही, हे कारभारी वस्तादांनीच तालमीच्या पत्र्याखाली एकेकाला शिकवलेलं होतं. ते हौद्यात उतरले.

ज्ञानेश्वरीनं माती उकरायचं फावडं भाल्यासारखं हातात धरलं आणि पवित्रा घेतला. वस्ताद तिच्याभोवती फिरले. दाराशी टेकवलेल्या देवाकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. "कंबर आनखी भाईर," ते म्हणाले. "त्याची तशी हाय. खांदा खाली. हां. मान वळीव." रागातसुद्धा त्यांनी लांडीलबाडी केली नाही. देव होता तसाच उभा करून घेतला. मग एक बोट पुढं केलं, तिच्या गळ्याच्या हाडाखाली ठेवलं आणि दाबलं.

आधी घोटा गेला. सैल सोडलेला गुडघा मदतीला यायच्या आत तोल मागं गेला, फावडं उडालं आणि ज्ञानेश्वरी धाडदिशी उताणी पडली. रोमन लोकांचा युद्धदेव बेलापूरच्या मातीत चारी मुंड्या चीत झाला.

कुणी हसलं नाही. वर पत्रा होता, त्याला एक भोक होतं, त्यातून उजेड येत होता, तेवढंच तिला दिसत होतं. लागलं होतं, पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की आबांचं खरं होतं. सुटं सुटं सगळं भारी आणि गडी उभा नाही. तिच्या पाठीनंच तिला ते सांगितलं.

"झालं समाधान?" श्रीमंतशेठ म्हणाले. "पडली ना? चला, घरी चला आता."

ज्ञानेश्वरी उठली. केसांतली माती झटकली नाही. वडिलांसमोर गेली आणि त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिली.

"बघा, आबा."

"काय बघू?"

"पाठ बघा."

कुडता खांद्यापासून कमरेपर्यंत लाल झाला होता.

"देव पडला. तुमचं खरं, मी हरले," ती म्हणाली. "आता माझ्या डोक्यावर माती टाका."

तालमीत कुजबुज उठली. "पडली तरी नाक वर हाय!" श्रीमंतशेठ तावातावानं पुढं आले. "वस्ताद, त्यो नेम पोरांसाठी हाय. मी खजिनदार म्हनून सांगतो, असलं काय—"

"श्रीमंत," वस्ताद म्हणाले, "ह्या मातीत तू कुस्त्या किती खेळला रं?"

श्रीमंतशेठ थांबले.

"एकदा पडला. त्याच्यावर आजवर निभावलं तुजं. मी तुला कंदी हाकाललं का?"

मग वस्ताद बराच वेळ लेकीच्या पाठीकडं बघत राहिले. ह्या पाठीला पाळण्यात थोपटलेलं त्यांना आठवलं असेल, दारात दुधाचा तांब्या घेऊन उभी असलेली पोर आठवली असेल, किंवा काहीच आठवलं नसेल. ते वाकले. मूठभर माती घेतली आणि तिच्या डोक्यावर टाकली.

"पाठीला माती लागली," ते म्हणाले आणि पुढं अडले. सगळी तालीम वाट बघत होती. ज्ञानेश्वरीनं मागं वळून पाहिलं नाही, की विनवणी केली नाही.

"आता तालीम तुजी," वस्ताद म्हणाले, आणि लगेच सुनीलवर खेकसले, "तोंड काय बघतो? शिडी आन!"

भिंतीला चुना लागला, वाळला आणि कोळशाचा तुकडा घेऊन ज्ञानेश्वरी शिडीवर चढली. सकाळचा सराव संपला की तिचं काम सुरू व्हायचं. श्रीमंतशेठ थोडे दिवस रुसून बसले, मग ‘खर्चाचं बघाया’ म्हणून येऊन दारातून बघू लागले. तिनं वडिलांना एकच अट घातली होती. फोटोवरून काढणार नाही, तुम्ही उभे राहायचं. वस्ताद आधी उखडले, मग लाजले आणि शेवटी धोतराचा काचा मारून, गदा खांद्यावर घेऊन उभे राहिले. दोन्ही पाय मातीत, छाती भरलेली, मान ताठ.

"खांदा बारीक व्हतोय," ते उभ्या उभ्या म्हणायचे.

"मारुती बोलत नसतो, आबा. गप उभे राहा."

"गुडघ्याची वाटी खाली घे."

"घेतलीय. तुमचीच खाली आलीय."

असं तासन् तास चालायचं. एका सकाळी ती मारुतीच्या मानेत अशी गुंतली, की मागं बघायचं विसरली. केव्हातरी नजर वळवली आणि कोळसा हातातच थांबला.

वस्तादांना पत्ता नव्हता. त्यांचा सगळा भार उजव्या पायावर आला होता. डावा गुडघा सैल पडला होता. कंबर एका अंगाला गेली होती, खांदे दुसऱ्या अंगाला कलले होते आणि मान खिडकीकडं वळली होती. गदा खांद्यावरून उतरून नुसती जमिनीला टेकली होती. हा पवित्रा ज्ञानेश्वरीला झोपेतसुद्धा काढता आला असता. पाचशे वर्षांमागं कुणीतरी गडी असाच एका चित्रकारासमोर उभा राहिला असणार, सकाळपासून. आणि चित्रकारानं जे दिसलं ते काढलं, देवाची भीडभाड न ठेवता. तिला त्या अनोळखी चित्रकाराचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी आपला बाप म्हातारा झाला, हे तिच्या काळजात रुतलं.

"आबा," ती म्हणाली, "तो पडणाराच होता. पण खोटा नव्हता. दमलेला होता."

"कोन?"

"तो. आईच्या कॅलेंडरमागचा."

वस्तादांनी तिच्या नजरेमागं नजर नेली आणि आपल्याच गुडघ्याकडं पाहिलं. कंबरेकडं पाहिलं. टेकलेल्या गदेकडं पाहिलं. सगळं समजायला त्यांना वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी गदा उचलून खांद्यावर घेतली, डावा पाय मातीत दाबून रोवला, मग उजवा रोवला, आणि मान ताठ केली.

"दमलेला देव घरी ठिव," ते म्हणाले. "तालमीत न्हाई चालायचा. काढ."

गुडघा थरथरत होता. ते तिला दिसलं. बसा म्हणून ती म्हणाली नाही, ते बसलेही नसते. ती भिंतीकडं वळली आणि मारुतीचे दोन्ही पाय काढायला घेतले.